कोणाला मत द्यावे? काठावरच्या मतदाराने तोलावयाच्या काही गोष्टी

निवडणूक जाहीर झाली की काहींचे मत आधीच ठरलेले असते, काहींना मतदानाविषयी आस्थाच नसते; आणि या दोहोंच्या मध्ये असा एक मतदार असतो, ज्याला मत द्यावयाचे असते पण कोणाला द्यावे हे उमगत नसते. मतदानाचा दिवस उजाडला तरी त्याचा निर्णय होत नाही. लोक त्याला ‘काठावरचा’ म्हणतात, कधी कधी ‘कुंपणावरचा’ म्हणून हिणवतातही. आमच्या मते तो हेटाळणीस पात्र नाही. विचार करण्यास वेळ घेणारा मतदार हा लोकशाहीचा दोष नसून तिचे बळ आहे. मात्र त्याने विचार कशाचा करावा, कोणती गोष्ट आधी तोलावी आणि कोणती नंतर, हे त्याला कोणी नीट सांगत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढेच करू इच्छितो. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे येथे सांगितलेले नाही आणि ते सांगणे आमचे कामही नव्हे.

उदाहरणासाठी आम्ही खानदेशातील बोदवड घेतले आहे. जळगाव जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण भुसावळ-बडनेरा लोहमार्गावर वसले आहे. कापूस हे येथील मुख्य पीक आणि पाण्याची टंचाई हे येथील जुने दुखणे. विधानसभेसाठी बोदवड मुक्ताईनगर मतदारसंघात येते, तर लोकसभेसाठी रावेर मतदारसंघात. गेल्या काही निवडणुकांत या भागातील मतदारापुढे जो पेच उभा राहिला, तो महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच इतक्या स्पष्टपणे दिसला असेल.

चिन्ह तेच, माणूस दुसरा. माणूस तोच, चिन्ह दुसरे

पूर्वी या भागातील मतदाराचे काम तुलनेने सोपे होते. बोदवड तालुक्यातील नाडगाव हे ज्यांचे जन्मगाव, त्या श्रीमती प्रतिभाताई पाटील १९६७ पासून १९८५ पर्यंत तत्कालीन एदलाबाद मतदारसंघातून विधानसभेवर निवडून येत राहिल्या. पुढे २००७ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. १९९० पासून श्री. एकनाथ खडसे हे भारतीय जनता पक्षाच्या वतीने सलग सहा वेळा निवडून आले. मतदारसंघाच्या फेररचनेनंतर २००९ पासून एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, तरी प्रतिनिधी तेच राहिले. पक्ष आणि माणूस यांची जोडी एवढी घट्ट होती की एकाला मत देणे म्हणजे दुसऱ्याला देणे, असेच लोक समजत.

ही जोडी गेल्या दशकात सुटली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत श्री. चंद्रकांत पाटील हे शिवसेनेचे उमेदवार म्हणून श्री. खडसे यांच्याविरुद्ध उभे होते आणि पराभूत झाले. २०१९ मध्ये भाजपने उमेदवारी श्री. खडसे यांच्या कन्या श्रीमती रोहिणी खडसे यांना दिली. जागा युतीत भाजपकडे असल्याने श्री. पाटील अपक्ष म्हणून लढले आणि राष्ट्रवादी काँग्रेसने त्यांना पाठिंबा दिला. निकाल लागला तेव्हा श्री. पाटील यांना ९१,०९२ व श्रीमती खडसे यांना ८९,१३५ मते मिळाली होती. अंतर केवळ १,९५७ मतांचे!

त्यानंतरचे बदल पाहावेत. ऑक्टोबर २०२० मध्ये श्री. एकनाथ खडसे भाजप सोडून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा श्री. पाटील श्री. एकनाथ शिंदे यांच्या बाजूस गेले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटास दिले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस हे नाव व घड्याळ हे चिन्ह श्री. अजित पवार यांच्या गटास दिले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत श्री. पाटील धनुष्यबाण घेऊन महायुतीतर्फे, म्हणजे भाजपच्या साथीने उभे राहिले. तर श्रीमती रोहिणी खडसे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह घेऊन श्री. शरद पवार यांच्या पक्षातर्फे. श्री. पाटील सुमारे २४ हजार मतांनी विजयी झाले. त्याच वर्षी मे महिन्यात रावेर लोकसभा मतदारसंघात श्री. खडसे यांच्या स्नुषा श्रीमती रक्षा खडसे मात्र भाजपच्याच कमळावर तिसऱ्यांदा निवडून आल्या व केंद्रात राज्यमंत्री झाल्या.

आता बोदवडच्या एखाद्या सामान्य मतदाराचा विचार करावा. तो पक्षनिष्ठ असून कमळाचा चाहता असेल, तर २०१९ मध्ये त्याने श्रीमती रोहिणी खडसे यांना मत दिले आणि २०२४ मध्ये त्याला त्यांच्या विरोधातील उमेदवारास मत द्यावे लागले. तो व्यक्तिनिष्ठ असेल, तर त्याला २०१९ मध्ये कमळाचे बटण दाबून २०२४ मध्ये तुतारीवाल्याचे बटण शोधावे लागले. २०१९ मध्ये राष्ट्रवादीच्या सांगण्यावरून ज्याने श्री. पाटील यांना मत दिले, त्याला पाच वर्षांनी त्याच परंपरेतील एका पक्षाचा उमेदवार श्री. पाटील यांच्या विरोधात उभा असलेला दिसला. पक्ष धरला तर माणूस सुटतो आणि माणूस धरला तर पक्ष सुटतो. अशा वेळी मतदार गोंधळला तर तो दोष मतदाराचा म्हणता येईल काय?

गावपातळीवर तर चित्र आणखी निराळे होते. बोदवड नगरपंचायतीच्या निवडणुकीचा निकाल जानेवारी २०२२ मध्ये लागला. १७ पैकी ९ जागा शिवसेनेला, ७ राष्ट्रवादी काँग्रेसला व १ भाजपला मिळाली. त्या वेळी मुंबईत शिवसेना आणि राष्ट्रवादी एकाच सरकारात मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. बोदवडमध्ये मात्र त्याच दोघींत मुख्य झुंज झाली. मुंबईतील मैत्री आणि गल्लीतील मैत्री एकच असते असे समजण्याचे कारण नाही, हा धडा बोदवडकरांनी तेव्हाच घेतला असेल.

पक्षांतरबंदी कायदा असताना असे कसे घडते?

हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती होऊन राज्यघटनेस दहावे परिशिष्ट जोडले गेले. एखाद्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदार-खासदाराने स्वेच्छेने पक्ष सोडला अथवा पक्षादेशाविरुद्ध मतदान केले, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. आरंभी एक तृतीयांश सदस्यांनी मिळून पक्ष फोडल्यास त्यांना संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढून घेण्यात आले. आता दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीनीकरण मान्य केल्यासच संरक्षण मिळते. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य निवडणुकीनंतर एखाद्या पक्षात दाखल झाला तरी तो अपात्र ठरतो; पण पक्षात न जाता बाहेरून पाठिंबा देण्यास त्याला आडकाठी नाही. नगरसेवक व जिल्हा परिषद सदस्यांसाठी महाराष्ट्रात १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे.

अपात्रतेचा निर्णय विधानसभेत अध्यक्षांकडे असतो आणि अध्यक्ष सामान्यतः सत्ताधारी पक्षाचे असतात. शिवाय हा कायदा केवळ निवडून आलेल्या सदस्यास बांधतो. दोन निवडणुकांच्या मध्ये पराभूत उमेदवाराने, पदाधिकाऱ्याने वा नेत्याच्या नातलगाने पक्ष बदलला तर त्यास कोणताही कायदा अडवू शकत नाही. आपल्या संसदेने ज्या ब्रिटिश संसदेचा नमुना पुढे ठेवला, तेथे तर असा कायदाच नाही; खासदार सभागृहात एका बाजूचे बाक सोडून दुसऱ्या बाजूस जाऊन बसतो आणि पुढील निवडणुकीपर्यंत त्याचे पद कायम राहते. तात्पर्य हे की उमेदवार पुढे कोठे जाईल याची हमी कायदा देऊ शकत नाही. त्याचा आजवरचा प्रवास पाहून मतदारानेच तो अंदाज बांधावा लागतो.

कोणते काम कोणाचे, हे आधी पाहावे

काठावरच्या मतदाराने पहिला प्रश्न ‘कोणता पक्ष?’ हा न विचारता ‘ही निवडणूक कशाची?’ हा विचारावा, असे आम्ही सुचवतो. आपली गाऱ्हाणी पुष्कळदा चुकीच्या दारात मांडली जातात.

नळाला पाणी किती दिवसांनी येते, गटार का तुंबते, रस्त्यावरचा दिवा का लागत नाही, हे प्रश्न बोदवड शहरात नगरपंचायतीचे आहेत. खेड्यात ते ग्रामपंचायतीचे असतात. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हे विषय जिल्हा परिषदेकडे जातात. पूर्णा नदीचे पाणी उचलून कोरडवाहू शेताला देण्याची जी बोदवड परिसर सिंचन योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहे, ती तापी पाटबंधारे विकास महामंडळाच्या, म्हणजे राज्य सरकारच्या अखत्यारीतील आहे. तिच्यासाठी दरवर्षी किती निधी येतो हे राज्याच्या अर्थसंकल्पात ठरते. तेव्हा तिचा जाब आमदारकीच्या उमेदवारास विचारावा.

कापसाच्या भावाचे सूत्र मात्र दिल्लीच्या हाती आहे. हमीभाव केंद्र सरकार जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलला ७,७१० रुपये व लांब धाग्यास ८,११० रुपये होता. हमीभावाने खरेदी करणारे कापूस महामंडळ केंद्राचे. परदेशी कापसावरील आयात शुल्कही केंद्रच ठरवते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती सवलत पुढे डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांना त्यामुळे दिलासा मिळाला, पण कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या संघटनांनी विरोध केला. अशा प्रश्नावर नगरसेवकाशी वाद घालून काय हाती लागणार? तो खासदारकीच्या उमेदवारास विचारावयाचा प्रश्न आहे.

आपल्या समाजाचे उदाहरणही येथे देता येईल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदू धर्मीयांपुरत्या होत्या; १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्या लागू झाल्या. दलित ख्रिस्ती बांधवांची मागणी त्यानंतरही अनिर्णित राहिली. या विषयाचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. हा विषय संसदेचा व केंद्राचा आहे. नगरपंचायतीच्या प्रचारात एखादा उमेदवार त्याविषयी आश्वासन देऊ लागला, तर तो आपल्याला जे देऊ शकत नाही ते देऊ करीत आहे, हे ओळखावे.

उमेदवाराची माहिती कोठे मिळते?

दुसरा प्रश्न उमेदवाराचा. पूर्वी उमेदवाराविषयी जे काही कळे ते चावडीवरच्या बोलण्यातून. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे हे चित्र बदलले. आता प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मधील शपथपत्र द्यावे लागते. त्यात त्याच्यावरील प्रलंबित फौजदारी खटले, शिक्षा झाली असल्यास तिचा तपशील, स्वतःची, पती वा पत्नीची व अवलंबितांची मालमत्ता, कर्जे, सरकारी थकबाकी आणि शिक्षण यांची माहिती असते. हे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ज्यांना संगणक वा मोबाईल वापरता येत नाही, त्यांना घरातील महाविद्यालयीन मुले-मुली ते काही मिनिटांत दाखवू शकतील.

२०१८ च्या निर्णयानुसार गुन्ह्यांची माहिती उमेदवाराने व पक्षाने वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावयाची असते. २०२० मध्ये न्यायालयाने पुढे जाऊन सांगितले की, ज्याच्यावर खटला प्रलंबित आहे अशा व्यक्तीलाच उमेदवारी का दिली, याची कारणे पक्षाने द्यावीत. आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एवढेच कारण पुरेसे नाही. अर्थात गुन्हा नोंदला जाणे म्हणजे तो सिद्ध होणे नव्हे. आंदोलनात नोंदला गेलेला गुन्हा आणि फसवणुकीचा वा मारहाणीचा गुन्हा यांत भेद करावा. शपथपत्रातील नुसता आकडा पाहून न थांबता कलम कोणते आहे हेही वाचावे.

जो उमेदवार आधी निवडून आलेला आहे, त्याची परीक्षा आणखी सोपी. लोकसभेतील उपस्थिती व विचारलेले प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. आपल्या तालुक्यात त्यातून काय झाले हे विचारण्याचा अधिकार आपणास आहे. जो प्रथमच उभा आहे, त्याने पदावर नसताना गावासाठी काय केले हे पाहावे. ज्याला पद नसताना लोकांकडे जाण्याची सवय नाही, त्याला पद मिळाल्यावर ती लागेल अशी आशा बाळगणे कठीण.

नाव व चिन्ह नीट पाहावे, हेही सांगावेसे वाटते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सातारा मतदारसंघात ‘तुतारी’ हे साधे चिन्ह घेतलेल्या एका अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते पडली आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह असलेल्या उमेदवाराचा पराभव सुमारे ३२ हजार ७०० मतांनी झाला. नामसाधर्म्य असलेले उमेदवार उभे करण्याची क्लृप्ती तर जुनीच आहे. म्हणूनच २०१५ पासून मतदान यंत्रावरील मतपत्रिकेत उमेदवाराचे छायाचित्र छापले जाते. बटण दाबल्यावर चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. तेवढा वेळ थांबून ती वाचावी.

‘मत वाया जाईल’ ही भीती

काठावरचे बरेच मतदार अखेरच्या दिवशी ‘निवडून येणाऱ्यालाच देऊ, उगाच मत वाया का घालवा’ असे म्हणतात. या विचारामागे आपली निवडणूक पद्धती आहे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. मग ती निम्म्याहून कमी का असेनात. ही पद्धत आपण ब्रिटनकडून घेतली. तेथे ४ जुलै २०२४ रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाला जेमतेम ३४ टक्के मते मिळाली, पण ६५० पैकी ४११ जागा पदरात पडल्या. रिफॉर्म पक्षाला १४ टक्क्यांहून अधिक मते मिळूनही ५ जागा मिळाल्या, तर १२ टक्के मतांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने ७२ जागा जिंकल्या. त्यामुळे तेथील काठावरचा मतदारही हाच हिशेब करतो : आवडत्या पक्षाला मत द्यावे, की नावडत्या पक्षाला रोखू शकेल अशा दुसऱ्या पक्षाला?

दोन्ही विचार प्रामाणिक असू शकतात. पण ‘जो जिंकणार त्यालाच’ हा तिसरा विचार मात्र आम्हाला पटत नाही. पहिले कारण असे की कोण जिंकणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते. १९९२ मध्ये ब्रिटनमधील जनमत चाचण्या अटीतटीची लढत दाखवीत असताना जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष स्पष्टपणे जिंकला. आपल्याकडे २०२४ मध्ये मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात भाजपला स्वबळावर २४० जागा मिळाल्या आणि बहुमत हुकले. दुसरे कारण, पराभूत उमेदवाराला मिळालेली मतेही मोजली जातात. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाल्यास त्याची अनामत वाचते; पक्षाची मान्यताही मतांच्या टक्केवारीवर अवलंबून असते. काठावरच्या विजयी उमेदवारास पाच वर्षे सावध राहावे लागते. मुक्ताईनगरचे २०१९ चे १,९५७ मतांचे अंतर आठवावे. एवढ्या मोठ्या मतदारसंघात निकाल फिरण्यास हजाराहून थोड्या कमीच मतदारांचा विचार बदलणे पुरेसे होते.

‘वरीलपैकी कोणीही नाही’

सर्वच उमेदवार नापसंत असतील तर? सप्टेंबर २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर यंत्रावर ‘नोटा’चे बटण आले. मतदान केंद्रावर जाऊन, नाव नोंदवून, गुप्तपणे आपली नापसंती व्यक्त करण्याचा हा मार्ग आहे. विधानसभा व लोकसभा निवडणुकीत त्याचा निकालावर परिणाम होत नाही. ‘नोटा’ला कितीही मते पडली तरी उमेदवारांत ज्याला अधिक मते तोच विजयी होतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘नोटा’ला २७,५०० मते पडून तो पर्याय दुसऱ्या क्रमांकावर आला, तरी निकाल आपल्या जागी राहिला.

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांबाबत मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये निराळा आदेश काढला. तेथे ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावयाची, तीतही तेच घडले तर ‘नोटा’ वगळून सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी. म्हणजे नगरपंचायतीच्या प्रभागात या बटणाला जी धार आहे, ती विधानसभेच्या निवडणुकीत नाही. ते दाबण्यापूर्वी हा भेद ध्यानात घ्यावा. ‘नोटा’ हा विचारपूर्वक केलेला निषेध असावा, शपथपत्रे वाचण्याचा कंटाळा झाकण्याचे साधन नसावे.

गुप्ततेचा प्रश्न : लहान समाजाची खरी अडचण

आता ज्या गोष्टीविषयी उघड बोलले जात नाही, तिच्याकडे वळू. खानदेशात आपला समाज विरळ आहे. नाशिक धर्मप्रांताच्या या टोकास भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी आपली कुटुंबे एकत्र आढळतात. लहान गावांत मात्र ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. अशा ठिकाणी ‘आपण कोणाला मत दिले हे कळले तर?’ ही भीती काठावरच्या मतदाराचा निर्णय पुष्कळदा ठरवते.

कायद्याने मत पूर्णपणे गुप्त आहे. आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयही करू शकत नाही. गुप्तता भंग करणाऱ्या कर्मचाऱ्यास शिक्षा होते. यंत्रात मतदाराचे नाव नोंदले जात नाही. चिठ्ठीवरही नाव नसते. तेव्हा ‘यंत्रावरून आम्हाला सारे कळते’ असे कोणी म्हणत असेल तर तो निव्वळ धाक आहे, त्यास भुलू नये.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मतमोजणी केंद्रनिहाय होते आणि केंद्रनिहाय आकडे प्रसिद्धही होतात. एकट्या माणसाचे मत कळत नसले, तरी एखाद्या वस्तीचा वा खेड्याचा कल त्यातून कळतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रे आल्यावर ती राहिली नाही. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केंद्राकडे पाठवला होता; तो मान्य झाला नाही. म्हणूनच ‘तुमच्या गल्लीने आम्हाला मते दिली नाहीत’ अशी भाषा निकालानंतर ऐकू येऊ शकते.

यावर उपाय काय? घाबरून मत बदलणे हा उपाय नव्हे. आपण कोणाला मत दिले याविषयी मतदानापूर्वी व नंतर मौन बाळगणे हा पहिला उपाय. प्रचारास आलेल्या प्रत्येकाचे आदराने स्वागत करावे, ऐकून घ्यावे, प्रश्न विचारावेत आणि उत्तरादाखल शब्द देऊ नये. संपूर्ण समाजाच्या वतीने ‘आमची एवढी मते तुमची’ असे आश्वासन देण्याचा अधिकार कोणाही पुढाऱ्यास नाही, मग तो आपल्यातील असला तरी. अशी घाऊक बोली झाली की प्रत्येक कुटुंबाची गुप्तता धोक्यात येते. घरातही हेच तत्त्व पाळावे. पतीने पत्नीस, सासऱ्याने सुनेस अथवा बापाने सज्ञान मुलास अमुक बटण दाब असे सांगणे हे त्या व्यक्तीच्या विवेकावर अतिक्रमण होय.

पैसे, साडी, भांडी, जेवणावळ यांच्या बदल्यात मत देणे-घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० खाली लाचखोरीचा गुन्हा आहे. ‘घेतले तर मत दिलेच पाहिजे, नाही तर पाप लागेल’ अशी शंका काही भोळ्या माणसांच्या मनात येते. ज्याने मत विकत मागितले त्याने मुळात जे विकाऊ नाही त्याचा सौदा केला. अशा सौद्याने कोणाचाही विवेक बांधला जात नाही. पण घेऊन मोकळे होण्यापेक्षा न घेणे हेच उत्तम, हे सांगावयास नको.

धर्म आणि मत

ख्रिस्तसभेची यासंबंधीची शिकवण संतुलित आहे. कॅथलिक धर्मशिकवणीच्या २२४० व्या परिच्छेदात कर भरणे व देशाचे संरक्षण करणे यांच्याबरोबरीने मतदान करणे हेही नैतिक कर्तव्य म्हटले आहे. दुसरीकडे, राजकीय पक्षात सक्रिय भाग घेण्यापासून धर्मगुरूंनी सामान्यतः दूर राहावे असे १९८३ च्या धर्मसभा-विधानसंहितेत नमूद आहे. म्हणून मतदान करा असे व्यासपीठावरून सांगितले जाईल. कोणाला करा हे मात्र श्रद्धावंतांनी स्वतः ठरवावयाचे आहे.

देशाचा कायदाही हेच सांगतो. धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या आधारे मत मागणे हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण ठरते. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी असा अर्थ लावला की, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. ते प्रकरण मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीवरून उद्भवले होते. याचा अर्थ आपल्या समाजाचे प्रश्न उमेदवारापुढे मांडू नयेत असा नाही. दफनभूमीची जागा, शाळेची परवानगी, प्रार्थनास्थळाची सुरक्षितता हे नागरिकांचे रास्त प्रश्न आहेत. मात्र तेच एकमेव मापदंड मानू नयेत. शेजारच्या शेतकऱ्याच्या कापसाला भाव मिळाला नाही आणि गावाच्या विहिरी आटल्या, तर त्या दुष्काळात आपणही असतोच.

निर्णयाच्या दिवशी

मत देण्यासाठी यादीत नाव असणे ही पहिली अट. आता वर्षातून चार तारखा, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर, या वयाच्या पात्रतेसाठी धरल्या जातात. नव्या नोंदणीसाठी नमुना ६ आणि पत्ता बदलल्यास वा दुरुस्ती हवी असल्यास नमुना ८ भरावा लागतो. नोकरीनिमित्त पुणे-मुंबई-नाशिकला गेलेल्या मुलांची नावे नेमकी कोठे आहेत, हे निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच पाहून घ्यावे. चौकशीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद असतो. हे दोन दिवस कायद्याने जणू काठावरच्या मतदारासाठीच राखून ठेवले आहेत. भोंगे थांबलेले असतात, सभा उठलेल्या असतात. त्या शांततेत एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात : या पदाच्या हाती असलेल्या कामांपैकी माझ्या गावाला सर्वांत निकडीचे काम कोणते, ते करण्याची पात्रता व आजवरची वर्तणूक कोणत्या उमेदवाराची आहे, आणि त्याचा पक्ष वा आघाडी त्याला ते करू देईल काय. चिन्हाचा विचार शेवटी करावा. बोदवड परिसराने गेल्या काही वर्षांत पाहिले आहे की चिन्हे बदलतात, आघाड्या बदलतात, एकाच घरात दोन पक्ष नांदतात. गावाची तहान आणि शेतकऱ्याच्या घरात पडून असलेला कापूस मात्र एका निवडणुकीतून दुसऱ्या निवडणुकीत तसेच पुढे येतात. मत द्यावयाचे ते त्यांच्याकडे पाहून.

एवढे करूनही दोन उमेदवार सारखेच वाटले, तर त्यांतील एकास निःशंक मनाने मत द्यावे आणि निकालानंतर जो निवडून येईल त्याच्याकडे जाऊन तो कागद त्याच्यापुढे ठेवावा, मग आपण त्याला मत दिलेले असो वा नसो. निवडून आलेला प्रतिनिधी साऱ्या मतदारसंघाचा असतो, आणि पाच वर्षे त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराचा आहे.